डोंगरवाटांवरील सामूहिक धावसराव

लांब पल्ल्याच्या शर्यतीची पूर्वतयारी म्हणून अनेक धावकांनी एकत्र येऊन डोंगरातील पाऊलवाटा, घाटरस्ते वा गडवाटा यांवर नियमितपणे केलेला धावण्याचा अभ्यास. ही स्वतः शर्यत नव्हे. तीत विजेता नसतो आणि वेळेची अधिकृत नोंदही होत नाही. ४२.१९५ किमी.ची मॅरॅथॉन, तीहून अधिक अंतराची अतिदीर्घ (अल्ट्रा) शर्यत, रानोमाळ धावण्याची क्रॉस कंट्री शर्यत आणि प्रत्यक्ष डोंगरशर्यत या चारही प्रकारांसाठी असा सराव केला जातो. महाराष्ट्रात सह्याद्रीची मुख्य रांग, तिच्यापासून पूर्वेकडे गेलेले सातमाळा, बालाघाट, महादेव यांसारखे फाटे आणि कोकणातील सुटे डोंगर यांमुळे या सरावाला अनुकूल भूमी विपुल आहे. तथापि केवळ डोंगर जवळ असल्याने धावक घडत नाही. महाराष्ट्रातील दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा सु. शंभर वर्षांचा इतिहास पाहता, खडतर मुलखात अंगी आलेला चिवटपणा आणि त्यास वळण लावणारी संगत या दोहोंची सांगड जेथे पडली, तेथेच नामवंत धावक निर्माण झाल्याचे दिसून येते. ही संगत कधी जिमखान्याची, कधी पलटणीची, कधी एखाद्या प्रशिक्षकाच्या गटाची, तर अलीकडे हौशी मंडळांची आहे.

पार्श्वभूमी : सह्याद्री चढण्या-उतरण्याच्या वाटा फार प्राचीन आहेत. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा नाणेघाट हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग असून तेथील लेण्यात नागनिका राणीचा प्रसिद्ध कोरीव लेख आहे. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोर उल्हास खाडीच्या उत्तर तीरावर वसलेले भिवंडी तालुक्यातील कोन हे गाव याच परिसरात येते. या खाडीकाठच्या प्रदेशाचा देशावरील मुलखाशी असलेला संबंध मुख्यतः घाटवाटांवर अवलंबून होता. ओझेकरी, बैलांचे तांडे, जासूद आणि पुढील काळात टपालाची थैली टप्प्याटप्प्याने पोहोचविणारे हरकारे या वाटांनी जात-येत. पायी वेगाने जाणे हा त्यांचा खेळ नव्हता, तर चरितार्थ होता.

मराठ्यांच्या इतिहासात डोंगरातील वेगवान सामूहिक वाटचालीचे सर्वांत स्मरणीय उदाहरण म्हणजे जुलै १६६० मधील पन्हाळगडाहून विशाळगडाकडे झालेले प्रयाण होय. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह भर पावसाळ्यातील रात्री या वाटेने निघाले व घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी शत्रूस रोखून धरले. ही खिंड पुढे पावनखिंड या नावाने विख्यात झाली. दरवर्षी जुलै महिन्यात गिर्यारोहण मंडळे आणि विद्यार्थी यांचे जथे या वाटेने पदभ्रमण करतात. अशा घटनांना सरावाचा इतिहास म्हणता येत नाही, कारण त्या युद्धाच्या निकडीतून घडल्या. परंतु रात्र, पाऊस आणि चढ-उतार यांतून मोठा समूह एकत्र पुढे नेण्याची कला या मुलखाला अपरिचित नव्हती, एवढे त्यांवरून स्पष्ट होते.

आधुनिक सरावाचा उगम : रानावनातून गटाने धावण्याच्या खेळाचा उगम इंग्लंडमधील शाळांत झाला. श्रूझबरी येथील शाळेत १८१९ च्या सुमारास ससा व शिकारी कुत्रे यांच्या पाठलागावर बेतलेली धाव सुरू झाल्याचे मानले जाते. पुढे धावणारी मुले कागदाचे कपटे टाकीत जात आणि मागील गट त्या खुणांवरून त्यांचा माग काढी. थेम्स हेअर अँड हाउंड्स हा या खेळाचा जुना संघ १८६८ मध्ये लंडनजवळ स्थापन झाला. यातूनच क्रॉस कंट्री शर्यत विकसित झाली. तीत वैयक्तिक क्रमांकाइतकेच सांघिक क्रमांकास महत्त्व असते. प्रत्येक संघातील ठरावीक धावकांच्या क्रमांकांची बेरीज करतात व जिची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी ठरतो. त्यामुळे संघातील मागच्या धावकाला सोबत आणणे हे पुढच्या धावकाच्याही हिताचे ठरते. सामूहिक सरावाची प्रथा रुजण्यास ही गुणपद्धती मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. ऑलिंपिक क्रीडासामन्यांत १९१२, १९२० व १९२४ या तीन वेळा क्रॉस कंट्रीचा अंतर्भाव होता. १९२४ मध्ये पॅरिस येथे कडक उन्हात झालेल्या शर्यतीत ३८ पैकी केवळ १५ धावक शर्यत पुरी करू शकले आणि त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळण्यात आला.

हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्करात गुरखा पलटणींमध्ये उभ्या डोंगरावर चढून पुन्हा खाली धावत येण्याची ‘खड’ शर्यत प्रचलित होती. गुरखा सैनिक हरकबीर थापा याने १८९९ मध्ये स्कॉटलंडमधील स्काय बेटावरील ग्लॅमेग हा डोंगर पायथ्याच्या विश्रामगृहापासून अनवाणी चढून ५५ मिनिटांत परत गाठला. या पराक्रमाची आठवण तेथील डोंगरशर्यतीच्या रूपाने जपली जाते.

सामूहिक डोंगरसरावाला शास्त्रशुद्ध पद्धतीचे रूप देण्याचे श्रेय न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड (१९१७–२००४) यांना दिले जाते. ऑक्लंडमधील पादत्राणांच्या कारखान्यात काम करणाऱ्या लिडियर्ड यांनी प्रथम स्वतःवर प्रयोग केले व नंतर परिसरातील तरुणांना सोबत घेऊन वैटाकेरे डोंगरातून जाणाऱ्या सु. ३५ किमी.च्या मार्गावर दर रविवारी दीर्घ धाव घेण्याचा परिपाठ ठेवला. या गटात ८०० मी.चा धावक आणि मॅरॅथॉनचा धावक असा भेद नव्हता. सर्वांना तोच डोंगर चढावा लागे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये या गटातील पीटर स्नेल यांनी ८०० मी. व मरी हॅलबर्ग यांनी ५,००० मी. शर्यतीत सुवर्णपदके आणि बॅरी मॅगी यांनी मॅरॅथॉनमध्ये कांस्यपदक मिळविले. १९६२ मध्ये ऑक्लंड येथे सामान्य नागरिकांसाठी मंद गतीने एकत्र धावण्याचे मंडळ निघाले. अमेरिकन प्रशिक्षक बिल बावरमन यांनी न्यूझीलंडमध्ये हा उपक्रम पाहून तो आपल्या देशात नेला. हौशी धावकांची आजची जगभर पसरलेली मंडळे या परंपरेचीच वारस आहेत.

पुणे ते अँटवर्प : महाराष्ट्रातील दीर्घ पल्ल्याच्या धावण्याला जागतिक क्षेत्रात प्रवेश मिळाला तो पुण्याच्या डेक्कन जिमखान्यामुळे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या १९१९ च्या क्रीडासामन्यांस सर दोराबजी टाटा उपस्थित होते. तेथे धावणारे बहुसंख्य तरुण शेतकरी कुटुंबांतील होते. त्यांचा आहार साधा, पाय अनवाणी आणि शर्यतीचे नियम व शिस्तबद्ध सराव यांची ओळख अत्यल्प होती. असे असूनही काहींच्या वेळा तत्कालीन यूरोपीय धावकांच्या वेळांशी तुलना करण्यासारख्या होत्या, असे टाटांना आढळले. या अनुभवाची हकिकत त्यांनी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नमूद केली आहे.

टाटांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी चार धावक व दोन मल्ल असा सहा जणांचा भारतीय संघ रवाना झाला. त्यातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले (१९०२–५२) यांनी मॅरॅथॉन शर्यत २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षी शर्यतीचा मार्ग नेहमीपेक्षा लांब म्हणजे ४२.७५ किमी. होता. विजेते फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन यांची वेळ २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद होती. सदाशिव दातार या दुसऱ्या भारतीय धावकास शर्यत पूर्ण करता आली नाही. विजेत्यापेक्षा सु. १८ मिनिटे मागे राहिलेल्या चौगुले यांच्या कामगिरीचे मोल त्यांना उपलब्ध असलेल्या साधनांच्या संदर्भातच लक्षात येते. फिनलंडमध्ये एव्हाना शर्यतपटूंची परंपरा, क्रीडामंडळे आणि सोबत सराव करणारे तुल्यबळ सहकारी होते. भारतात राष्ट्रीय पातळीवर या खेळांची व्यवस्था पाहणारी संघटना स्थिरावण्यास आणखी काही वर्षे लागली. भारतीय ऑलिंपिक संघटना १९२७ मध्ये स्थापन झाली व टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

अँटवर्पच्या प्रसंगातून निघणारा बोध पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. धावण्याची क्षमता खेड्यापाड्यांत आधीपासूनच होती. ती दृष्टीस पडण्यासाठी कोणीतरी शर्यत भरवावी लागली आणि ती वाढविण्यासाठी सातत्याची व्यवस्था लागत होती. पहिली गोष्ट १९१९ मध्ये घडली, दुसरी मात्र दीर्घकाळ लष्करापुरतीच मर्यादित राहिली.

लष्करातील परंपरा : स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात सामूहिक डोंगरसरावाची अखंड परंपरा टिकली ती मुख्यतः सैनिकी संस्थांमध्ये. पुण्याजवळ खडकवासला येथे सिंहगडाच्या दृष्टिपथात वसलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे औपचारिक उद्‌घाटन जानेवारी १९५५ मध्ये झाले. तेथील छात्रांच्या तुकड्यांमध्ये होणारी क्रॉस कंट्री शर्यत हा प्रबोधिनीच्या जीवनातील एक मानाचा प्रसंग मानला जातो. तिच्या पूर्वतयारीसाठी संपूर्ण तुकडी एकत्र धावते आणि मागे पडणाऱ्या छात्रास इतरांनी सोबत आणावे, असा संकेत असतो. पुणे येथे २००१ मध्ये स्थापन झालेल्या लष्करी क्रीडा संस्थेमुळे सैनिक धावकांना शास्त्रीय मार्गदर्शनाची सोय झाली.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे हे या परंपरेचे सर्वांत ठळक उदाहरण होय. लहानपणी शाळेसाठी त्यांना रोज सु. ६ किमी. अंतर जावे लागे आणि वाहनाची सोय नसल्याने ते पायी वा धावतच कापावे लागे. तरीही धावपटू म्हणून त्यांची जडणघडण गावात नव्हे, तर महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यानंतर झाली. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्री स्पर्धेत भाग घेतल्यावर त्यांच्यातील गुण प्रशिक्षकांच्या लक्षात आले व पुढे ते ३,००० मी. अडथळ्यांच्या (स्टीपलचेस) शर्यतीकडे वळले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ नोंदवून त्यांनी रौप्यपदक मिळविले आणि केन्याच्या धावकांची या शर्यतीतील दीर्घकालीन मक्तेदारी मोडली. २०२३ मध्ये हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ते या शर्यतीचे विजेते ठरले. शाळेची वाट त्यांना सैन्याने दिली नव्हती; परंतु त्या वाटेवर कमावलेले बळ सैन्यातील गटाशिवाय जगापुढे आले असते, असे म्हणता येत नाही.

नाशिकचा गट : सैन्याबाहेर, विशेषतः मुलींसाठी, अशी संगत निर्माण करण्याचे सर्वांत यशस्वी कार्य नाशिक येथे झाले. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी भोसला सैनिकी शाळेच्या मैदानास केंद्र करून नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण व आदिवासी भागांतील धावकांचा गट घडविला. हरसूलनजीकच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत या त्यातील पहिल्या विख्यात धावक होत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी १०,००० मी. शर्यतीत कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धांत धावमार्गावरील वैयक्तिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. त्याच वर्षी ग्वांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांना याच अंतराच्या शर्यतीत रौप्यपदक लाभले.

त्यांच्यानंतर मोनिका आथरे आणि संजीवनी जाधव या धावकांनी राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नाव मिळविले. आथरे यांनी २०१७ मध्ये लंडन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मॅरॅथॉन शर्यतीत भाग घेतला. एकाच जिल्ह्यातून थोड्या काळात इतक्या धावक पुढे येणे हा योगायोग नव्हे. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या डोंगराळ पट्ट्यांतील मुलींना उताराची व चढाची सवय असतेच. पण सकाळच्या सरावाला सोबत असणाऱ्या, आपल्यापेक्षा किंचित वेगवान अशा सहकारी मिळाल्यावर त्या सवयीचे सामर्थ्यात रूपांतर होते. गावाबाहेर एकटीने धावणाऱ्या मुलीकडे ज्या नजरेने पाहिले जाते, ती गटाने धावणाऱ्या मुलींच्या बाबतीत बोथट होते, हाही सामूहिक सरावाचा लहान वाटणारा पण निर्णायक लाभ होय. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही या अवर्षणप्रवण गावच्या ललिता बाबर यांचा प्रवासही उल्लेखनीय आहे. दीर्घ पल्ल्याच्या धावक म्हणून नावारूपास आल्यावर त्या स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचून दहाव्या आल्या.

हौशी मंडळांचा उदय : शहरी मध्यमवर्ग डोंगरवाटांकडे प्रथम वळला तो धावण्यासाठी नव्हे, तर दुर्गभ्रमणासाठी. गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांच्यासारख्या लेखकांनी गडकोटांची ओढ निर्माण केली व पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण मंडळांनी वाटा पायाखाली घातल्या. कात्रजपासून टेकड्यांच्या माथ्यावरून सिंहगडापर्यंत रात्री चालत जाण्याचा परिपाठ पुण्यात अनेक वर्षांपासून आहे. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरॅथॉन १९८३ मध्ये व मुंबई मॅरॅथॉन २००४ मध्ये सुरू झाल्यावर डॉक्टर, अभियंते, शिक्षक, व्यापारी, गृहिणी असे सर्व व्यवसायांतील लोक दीर्घ धावण्याकडे आकृष्ट झाले. सपाट रस्त्यावरील सरावास लवकरच मर्यादा जाणवू लागल्या आणि गिर्यारोहकांच्या वाटांवर धावकांचे गट दिसू लागले.

सिंहगडाची आतकरवाडीची वाट हे पुणेकर धावकांचे जणू सार्वजनिक क्रीडांगण बनले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तीन किमी.हून कमी अंतरात सु. ६०० मी. चढ असल्याने एका सकाळी ती दोन-तीन वेळा चढण्या-उतरण्याचा प्रघात पडला. मुंबईत बोरिवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा सु. ६ किमी.चा चढाचा रस्ता, तर ठाण्यात त्याच उद्यानाच्या पूर्व अंगाचा येऊरचा डोंगर या कामी उपयोगी पडला. कोन, भिवंडी व कल्याण या खाडीकाठच्या सखल व अवजड वाहतुकीच्या पट्ट्यातील धावकास चढाचा सराव करावयाचा तर येऊर किंवा कल्याणच्या दक्षिणेकडील मलंगगडाचा पायथा गाठावा लागतो. अशा ठिकाणी एकाच वाहनाने जाणे-येणे, पाण्याची वाटणी व सोबत या व्यावहारिक कारणांनीच गट तयार होतो आणि मग तो टिकतो.

सातारा येथे २०१२ पासून यवतेश्वर घाटातून कासच्या दिशेने चढून परत येणारी २१.१ किमी.ची डोंगरी अर्धमॅरॅथॉन भरू लागली. २०१५ मध्ये तिची एका डोंगरावर सर्वाधिक धावकांनी भाग घेतलेली शर्यत म्हणून गिनेस नोंद झाली. या शर्यतीमुळे सातारा शहरात घाटात एकत्र सराव करणारे धावकांचे गट मोठ्या संख्येने निर्माण झाले. २०१८ पासून सिंहगड, राजगड व तोरणा या तीन गडांना जोडणारी सु. ५० किमी.ची शर्यत सुरू झाली; तिच्या तयारीसाठी राजगडाच्या माच्या आणि तोरण्याच्या सोंडा यांवर धावकांची ये-जा वाढली. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन व पीटरमारिट्झबर्ग या शहरांमधील सु. ९० किमी.च्या कॉम्रेड्स शर्यतीसही (स्थापना १९२१) महाराष्ट्रातील धावक जाऊ लागले आहेत. ही शर्यत आलटून-पालटून एका वर्षी चढाच्या व दुसऱ्या वर्षी उताराच्या दिशेने होते आणि १२ तासांच्या आत पुरी करावी लागते. तिच्या पूर्वतयारीत सातारा, पाचगणी व लोणावळा येथील घाटांतील दीर्घ धावांना मुख्य स्थान असते.

सरावाचे स्वरूप : दीर्घ धाव साधारणतः आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी, पहाटे सुरू होते. गती इतकी संथ ठेवतात की शेजारच्या धावकाशी अडखळल्याविना बोलता यावे. ही कसोटी घड्याळापेक्षा अधिक विश्वसनीय मानली जाते, कारण चढावर किलोमीटरमागील वेळेस अर्थ राहत नाही. तीव्र चढावर अनुभवी धावकही पावले आखूड करतात वा हात मांड्यांवर ठेवून झपाझप चालतात. वाट ठाऊक असलेला एक जण पुढे असतो, एक जबाबदार धावक सर्वांत मागे राहतो आणि प्रत्येक खिंडीत, फाट्यावर वा टाक्यापाशी सर्वांची गणती होऊन मगच गट पुढे सरकतो.

चढामुळे हृदय व फुप्फुसे यांवरील भार वाढून त्यांची कार्यक्षमता सुधारते. उताराचे कार्य वेगळे आहे. उतरताना मांडीच्या पुढील भागातील स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात. त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होऊन पुढील एक-दोन दिवस ठणका लागतो. परंतु काही दिवसांनी तोच भार पुन्हा पडल्यास इजा कमी होते. मॅरॅथॉनच्या अखेरच्या टप्प्यात पाय न देण्याचे एक कारण हेच स्नायू असल्याने उतारावरील सरावाचा लाभ सपाट शर्यतीतही मिळतो. मात्र सह्याद्रीतील सराव हा अतिउंचीवरील सराव नव्हे. विरळ हवेमुळे रक्तात होणारे बदल साधारणतः २,००० मी.हून अधिक उंचीवर दीर्घकाळ राहिल्याने घडतात. सह्याद्रीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मी. उंच आहे. येथील वाटा शरीराला जे देतात ते उतार-चढाचे, उष्म्याचे व दमट हवेचे शिक्षण होय.

धोके व संकेत : पावसाळ्यात शेवाळलेले कातळ, उन्हाळ्यात घसाऱ्याच्या वाटा, अचानक उतरणारे धुके, माथ्यावरील विजा, कपारींतील आग्यामोहोळ आणि टाक्यांतील आटलेले पाणी हे सह्याद्रीतील नेहमीचे धोके आहेत. उष्माघात व घामावाटे होणारा क्षारांचा ऱ्हास यांची लक्षणे धावकास स्वतःला उशिरा कळतात. बोलण्यातील असंबद्धता किंवा चालीतील झोक सोबत्याच्या आधी लक्षात येतो. एकट्याने डोंगरात न धावण्याचा संकेत यावर आधारलेला आहे. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातील १०० किमी.च्या डोंगरशर्यतीत अकस्मात गारपीट, थंडी व वादळी वारा यांत सापडून २१ धावकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर आवश्यक कपडे सोबत बाळगणे व हवामान बिघडताच शर्यत थांबविणे या गोष्टींकडे जगभर अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

वाटांच्या संदर्भातही काही संकेत आवश्यक ठरले आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांचा वावर असून ठरावीक वेळेबाहेर तेथे प्रवेश नसतो. कासचे पठार हे २०१२ मध्ये जागतिक नैसर्गिक वारसा म्हणून मान्य झालेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तेथील पातळ मातीच्या थरावर उगवणारी वनस्पतिसृष्टी पायाखाली सहज नष्ट होते. ठरलेली वाट न सोडणे, वाटेत कचरा न टाकणे, पहाटे पाड्यांतून जाताना गोंगाट न करणे व गावच्या पाणवठ्याचा मान राखणे हे संकेत सुजाण गट पाळतात.

महत्त्व : शंभर वर्षांच्या या इतिहासात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला ग्रामीण धावकांचा असून त्यांना डोंगर जन्मतः मिळाला, पण संगत, पादत्राणे, आहार आणि शर्यतीत उतरण्याची संधी दुर्मिळ होती. दुसरा शहरी हौशी धावकांचा असून त्यांच्याकडे ही सर्व साधने आहेत आणि डोंगराकडे ते हेतुतः गेले. आज हे दोन्ही प्रवाह एकाच वाटेवर येऊन मिळाले आहेत. सिंहगड-राजगड-तोरण्याच्या परिसरात शहरातून आलेला गट सकाळी ज्या पाऊलवाटेने धावत जातो, तीच वाट पाड्यावरील मुले शाळेसाठी तुडवितात. काही शर्यतींत स्थानिक धावकांना प्रवेशशुल्कात सवलत देणे, मार्गदर्शक व स्वयंसेवक म्हणून गावकऱ्यांना मोबदला देणे असे उपक्रम हाती घेतले जातात. तथापि त्यांवरच समाधान मानता येणार नाही.

१९१९ मध्ये पुण्याच्या मैदानावर अनवाणी धावणारे शेतकरी तरुण एका जाणत्या प्रेक्षकाच्या दृष्टीस पडले आणि त्यातून १९२० चा भारतीय ऑलिंपिक संघ उभा राहिला. सावरपाड्याच्या कविता राऊत एका प्रशिक्षकाच्या आणि मांडव्याचे अविनाश साबळे एका पलटणीच्या दृष्टीस पडले. रविवारच्या धावेत वाटेवरील पाड्यातील मुलांनाही नियमितपणे सामील करून घेतले गेले, तर अशा भेटी योगायोगावर अवलंबून राहणार नाहीत. सामूहिक धावसरावाचे महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनातील खरे मोल पुढील काळात यावरूनच ठरेल.